बोटांची चहाडी

परवा आईचे खाते घरबसल्या उघडून द्यावे म्हणून संगणकापुढे बसलो. तिची जन्मतारीख कागदावर पाहत, अडखळत टंकली. अर्ज अडला!

“सर, बहुधा तुमच्या बोटांनीच चहाडी केली,” एक माजी विद्यार्थी म्हणाला. स्वतःची जन्मतारीख माणूस एका दमात लिहितो. भामट्याला परक्याची माहिती पाहून उतरवावी लागते. यंत्र ही लय टिपते. कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धात बिनतारी संदेश पाठवणारा त्याच्या ‘कडकट्ट’च्या ठेक्यावरून ओळखू येई, १९८० साली अमेरिकेतील रँड संस्थेने टंकलेखनाच्या लयीवर अहवाल काढला.

भामटे अडावेत, हे खरेच. पण आईसाठी लिहिणारा मुलगाही अडखळतोच की! यंत्राने शंका जरूर घ्यावी. निवाडा मात्र माणसाने करावा. शेवटी आई स्वतः बँकेत गेली, तेव्हा कुठे काम झाले.