‘हाय’ची उसनवारी

सातारा-सांगलीकडे कुणाला ‘कसं काय?’ विचारलं, की उत्तर येतं, ‘बरं हाय.’ या ‘हाय’चं काम इंग्रजीत ‘इज’ करतं. त्या क्रियापदाचं मूळ शोधू गेलं तर एक नव्हे, अनेक धातू सापडतात. ‘ॲम’ आणि ‘इज’ हे संस्कृत ‘अस्मि’, ‘अस्ति’ यांचे भाऊबंद. ‘बी’ निघालं ‘भू’शी नातं असलेल्या मुळातून, आपलं ‘होणे’ही तिकडचंच. ‘वॉज’चा मूळ अर्थ राहणं, मुक्काम करणं. संस्कृत ‘वसति’ त्याच गोतातलं, म्हणजे आपली ‘वस्ती’ही!

गंमत अशी, की एवढं जमवलेलं हे क्रियापद कित्येक भाषांना लागतच नाही. रशियन माणूस वर्तमानकाळात ते खुशाल गाळतो. प्रमाण कन्नडमध्ये ‘ई मने निम्मदु’, म्हणजे ‘हे घर तुमचं’, एवढ्यावर वाक्य पुरं होतं.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या कानडीत मात्र त्यापुढे ‘ऐती’ लागे. थेट मराठी ‘हाय’च्या जागी. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली हे नोंदवलं. तेव्हा कुपवाड तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायतांच्या घरांत कानडी, मुसलमानांच्या घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी, तर दोर वळणाऱ्या काही कुटुंबांत तेलुगू. एकमेकांशी बोलताना बहुतेक वेळा मराठी. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आणि वाक्यांचे सांगाडे जुळत गेले. मराठीतल्या ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ या वाक्याच्या घडणीत उर्दू आणि कानडी शब्द एकेक करून बसवता येत.

खरं तर भाषा आधी शब्द उसने घेतात. व्याकरण सहसा शेवटी हलतं. कुपवाडात घरचे शब्द बऱ्याच अंशी टिकले, कारण बोलणारा कोणत्या समाजाचा ते शब्दांवरून कळे. वाक्यरचनेकडे एवढं कोण लक्ष देतो? तिथूनच मराठी आत शिरली.

१९९८ पासून कुपवाड सांगली-मिरजेसह महापालिकेत आहे. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी तिथल्या भाषा पुन्हा तपासल्या आणि शब्दाला शब्द जुळण्याच्या जुन्या दाव्याची चिकित्सा केली. तो दावा थोडा ताणलेला असेलही. ‘ऐती’ची साक्ष मला तरी बोलकी वाटते.