बूच, केस आणि एक झडप

विल्यम बार्ट्रम हा फिलाडेल्फियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १७७३ ते १७७७ या काळात तो अमेरिकेच्या आग्नेय भागात झाडेझुडपे धुंडाळत हिंडला आणि १७९१ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून आले. त्यात फ्लोरिडातल्या मासेमारीचे एक चित्र आहे. लहानशा होडीत दोघेजण. मागचा अगदी हलक्या हाताने वल्हे मारत होडी काठाकाठाने नेतो. पुढच्याच्या हातात दहा-बारा फुटांची काठी, तिला जेमतेम वीस इंचांची दोरी आणि दोरीच्या टोकाला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन मोठे गळ. ते गळ दिसत नाहीत. हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल फितीच्या चिंध्या आणि रंगीबेरंगी पिसे यांच्या मुठीएवढ्या गोंड्यात ते दडलेले असतात. आमिष काहीच नाही. हा गोंडा तरंगत्या वेलींच्या कडेने पाण्याला लागेल न लागेल असा झुलवायचा. गवताखालून मासा उसळतो आणि त्याच्यावर झडप घालतो. बार्ट्रमने त्या माशाला ट्राउट म्हटले आहे. तो होता लार्जमाउथ बास.

घरी बनवलेली ‘फ्लाय’, म्हणजे केसापिसांची खोटी माशी, पाण्यावर तरंगत ठेवून बास पकडण्याची कला अमेरिकेत आज अनेक लोक जोपासतात. तिचे सारे मर्म या परिच्छेदात आहे: केस, पिसे, चिंधी आणि पाण्याचा पृष्ठभाग. या कलेचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो श्रीमंतांच्या क्लबांत किंवा कारखान्यांत घडलेला नाही. साध्या माणसांनी घरच्या टेबलावर घडवला आहे.

फ्लाय फिशिंगची प्रतिष्ठा होती ती ट्राउटला. इंग्लंडातले निवळशंख ओढे, नाजूक माश्यांच्या बारीक नकला, त्यांचे ग्रंथ. बास मात्र गढूळ तळ्यात, बुडालेल्या ओंडक्यांच्या सावलीत राहणारा. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शल यांनी ब्लॅक बासवर आख्खे पुस्तक लिहून त्याची बाजू मांडली, आणि तेव्हापासून हा मासा मानाच्या पंगतीत बसला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीतल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी बाटलीच्या बुचासारख्या साध्या वस्तूला गळ आणि केस जोडून तरंगणारा ‘बग’ बनवला. न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड फोर्जच्या ऑर्ली टटल यांनी हरणाच्या केसांचा भुंगेरा बांधला. सांगतात की त्यांच्या पत्नी लॉटी यांना ते ध्यान सैतानासारखे दिसले आणि त्याचे नाव ‘डेव्हिल बग’ पडले. वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मेसिंजर यांचा केसांचा बेडूक तर दोरी ओढली की मागचे पाय झाडायचा.

या मंडळींत विल डिल्ग यांचे नाव मला सर्वांत वर घ्यावेसे वाटते. पेकिनपॉंच्या बुचाच्या बगांची कीर्ती पसरवणाऱ्यांत हे शिकागोचे लेखक होते आणि वरच्या मिसिसिपीवर बास धरण्यात ते रमत. त्या नदीकाठच्या दलदली कोरड्या करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ते त्याविरुद्ध उभे राहिले. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आयझॅक वॉल्टन लीग या निसर्गरक्षक संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. त्यांच्या धडपडीमुळे १९२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तिथे राष्ट्रीय अभयारण्य उभारले. चार राज्यांतून जाणारे, नदीकाठाने सुमारे ४२० किलोमीटर पसरलेले हे अभयारण्य आजही आहे.

आता घरच्या टेबलाकडे वळू. हरणाचा केस आतून पोकळ, हवेने भरलेला असतो, म्हणून तो तरंगतो. पेन्सिलीएवढी जुडी गळाच्या दांडीवर धरायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि मग दोरा आवळायचा. केस एकदम चहूबाजूंनी ताठ उभे राहतात. त्यांना मागे रेटून घट्ट दाबायचे, पुढे नवी जुडी, पुन्हा दाबायचे. शेवटी गळावर एक विस्कटलेला गोळा तयार होतो आणि दाढीच्या ब्लेडने तो कातरला की त्यातून बेडकाचे अंग बाहेर येते. पोटाकडची बाजू सपाट आणि जवळून कापावी लागते. तिथे केस दाट राहिले तर गळाचे टोक झाकले जाते आणि मासा लागून निसटतो.

बुचाचे काम वेगळे. त्यासाठी दांडीला मध्येच उंचवटा असलेला गळ घेतात. बुचाला खाली चीर पाडून हा उंचवटा त्यात बसवायचा आणि गोंदाने चिकटवायचा. नाहीतर चार माशांनंतर बूच दांडीभोवती गरगर फिरू लागते. तोंडाकडची बाजू वाटीसारखी खोल केली की तो ‘पॉपर’ झाला. दोरीला हिसका दिला की ही वाटी पाणी आणि हवा पुढे लोटते आणि ‘पॉप’ असा आवाज येतो. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनारेषेला ते कंपन दुरून कळते. तोंड निमुळते ठेवले तर आवाज न करता सरकणारा ‘स्लायडर’ तयार होतो. माणसांची वर्दळ असलेल्या तळ्यात मला हाच उजवा वाटतो.

फोम आला आणि हे काम मुलांच्याही हाती गेले. तुटलेल्या रबरी चपलेच्या तळव्यातून धारदार नळीने कापलेला तुकडा आणि चार रबरी पाय एवढ्यावर लहान माशांसाठी उत्तम पॉपर होतो. बॉस्टनचे जॅक गार्टसाइड टॅक्सी चालवत आणि फ्लाय बांधत. फोमची पट्टी दुमडून पुढे ओठासारखी कड ठेवलेली त्यांची ‘गर्गलर’ आज जगभर बांधली जाते.

गळ टाकण्याचे तंत्र उलटे आहे. एरवी जड आमिष दोरीला ओढून नेते. इथे आमिषाला वजनच नसते, म्हणून दोरी जाड आणि वजनदार असते आणि तीच आमिषाला वाहून नेते. केसांचा बग हवेला फार अडतो. त्यासाठी वजन पुढच्या भागात एकवटलेली दोरी लागते. बग पाण्यावर पडला की नवख्याचा हात लगेच हलतो. तिथेच थांबायला हवे. उठलेली वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत काही करायचे नाही. मग एक बारीक हिसका, पुन्हा शांतता. झडप बहुधा या शांततेत येते.

बासबरोबर त्याच तळ्यात ब्लूगिल असतो. हाही बाससारखाच सनफिश कुळातला, तळहाताएवढा, तव्यात मावणारा आणि लहान तोंडाचा. त्याला दहा नंबरच्या आसपासचा गळ लागतो. ही जोडी योगायोगाची नाही. अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून शेततळ्यांवर प्रयोग केले आणि दोन्ही मासे एकत्र सोडण्याची पद्धत घालून दिली. बास नसेल तर ब्लूगिल बेसुमार वाढतात, अन्न पुरत नाही आणि सगळे खुरटे राहतात. म्हणून तळ्यातून ब्लूगिल खायला नेण्यात गैर नाही.

नेताना मात्र पाहून न्यावे. पाणी २० अंश सेल्सियसच्या पुढे तापले की ब्लूगिलचे नर शेपटीने तळ खरवडून बशीसारखी घरटी करतात आणि अंड्यांवर पहारा देतात. पॉपर वर आला की राखणदार नर धावून येतो. असे मोठे नर भराभर उचलले, तर मागे उरणारे नर अंगाने मोठे होण्याआधीच वयात येतात आणि माशांचा आकार घटत जातो.

हे मासे आपल्या पाण्यात आणावेत असे कोणाला वाटले, तर त्याने जपानकडे पाहावे. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. संशोधनासाठी जपानात आणलेले ते मासे पुढे सर्वत्र पसरले आणि बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांवर संकट आले. सम्राट झालेल्या अकिहितो यांनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

आपल्याकडे मरळ आहे. तळ्यातल्या पाणवनस्पतींत दबा धरून तो बेडकावर वरच्यावर झडप घालतो, आणि महाराष्ट्रातले गळकरी रबरी बेडूक वापरून त्याला धरतातही. केसांचा किंवा चपलेच्या फोमचा बेडूक घरी बांधून त्याच्यापुढे टाका. फक्त पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला, तर दोरी गुंडाळून ठेवा. त्याच्या खालीच आईबाप पहाऱ्यावर असतात, आणि त्यांना उचलले तर ती पिले वाचत नाहीत.