एकच रक्त, निराळे आकडे

गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत ‘टॉर्च’ चाचणीचा अहवाल येतो आणि त्यातील ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांनी घर हादरते. गर्भ ठेवावा की नाही, येथपर्यंत बोलणी जातात. तत्पूर्वी तो निष्कर्ष कोणत्या यंत्राने दिला, हे पाहणे अगत्याचे आहे.

टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू, हर्पिस आदी संसर्गांसाठी मोठ्या प्रयोगशाळांत आर्किटेक्ट, कोबास, लिएझॉन, व्हिडास अशी स्वयंचलित यंत्रे वापरली जातात. रक्तातील प्रतिपिंडे रसायनाशी जोडली गेल्यावर निर्माण होणारा प्रकाश ती मोजतात. तत्त्व जवळपास एकच. परंतु प्रत्येक कंपनीचे रसायन निराळे आणि सीमारेषाही निराळी. टोक्सोप्लाझ्माच्या आयजीजी प्रतिपिंडांचेच पाहा. आर्किटेक्ट व कोबासवर ३ एकके झाली की अहवाल पॉझिटिव्ह. व्हिडासवर त्यासाठी ८, तर लिएझॉनवर ८.८ लागतात. म्हणजे ५ हा आकडा एकीकडे ‘आहे’, दुसरीकडे ‘संशयित’ आणि तिसरीकडे ‘नाही’! एकक मात्र तिन्ही अहवालांवर तेच छापलेले असते.

(हा परजीवी केवळ मांसातून येतो, हा शाकाहारी घरांतील समज अपुरा आहे. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती, पाणी आणि न धुतलेल्या भाज्या याही त्याच्या वाटा आहेत.)

आयजीएमचे प्रकरण अधिक नाजूक. ही प्रतिपिंडे ताज्या संसर्गाची खूण मानली जातात, पण टोक्सोप्लाझ्मात ती कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षे रक्तात राहतात. कधी संसर्ग नसतानाही यंत्र ती दाखवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ सालीच डॉक्टरांना सावध केले होते की, केवळ या एका चाचणीवरून गर्भवतीचा निर्णय करू नये.

अशा वेळी ‘ॲव्हिडिटी’ चाचणी उपयोगी पडते. प्रतिपिंडांची पकड काळानुसार घट्ट होत जाते. पहिल्या तीन महिन्यांत ती घट्ट आढळली, तर संसर्ग गर्भधारणेपूर्वीचा ठरतो. पकड सैल असली म्हणून मात्र संसर्ग नवाच, असे सिद्ध होत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे झाल्यास प्रयोगशाळा बदलू नये. पहिला नमुना राखून ठेवला असेल, तर दोन्ही नमुने एकाच यंत्रावर, एकाच वेळी तपासून घ्यावेत. आयजीजीची खरी वाढ तेव्हाच कळते.