भूप की मोहन?

धारवाडच्या आमच्या घरात सासूबाईंचं कन्नड आणि माझं मराठी सुखाने नांदतं. भांडण झालं ते एका रागावरून!

लेक हिंदुस्थानी गाणं शिकते. परीक्षेसाठी घोकत होती, "राग भूप, थाट कल्याण." सासूबाईंचं माहेर म्हैसूरचं, शिक्षण कर्नाटक संगीताचं. सरगम ऐकून त्या म्हणाल्या, "नोडु पुट्टी, हा तर मोहन! मेळ हरिकांभोजी." लेकीने तोंडी परीक्षेत तेच सांगितलं आणि गुण गेले. "अज्जीने चुकीचं शिकवलं," म्हणून ती रडली. त्या दिवसापासून सासूबाई तिच्या रियाजाला बसेनात.

शेवटी मी दोघींच्या वह्या उघडल्या. दोन्हीकडे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. कल्याणात मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. हरिकांभोजीत मध्यम शुद्ध आणि निषाद कोमल. म्हणजे फरक नेमका त्याच दोन स्वरांचा, जे या रागात लागतच नाहीत! भातखंडे यांनी रागांची मांडणी १० थाटांत केली. दक्षिणेत सतराव्या शतकात व्यंकटमखींनी ७२ मेळ सांगितले. कपाटं दोन, म्हणून खणही वेगळे. परीक्षा हिंदुस्थानीची, तिथे उत्तर 'कल्याण' हेच. पण अज्जीही चुकली नव्हती.

बरं, नुसत्या स्वरांनीही राग पुरता कळत नाही. देसकारातही हेच पाच स्वर. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्यात गंधार मुख्य. देसकार सकाळचा, त्यात धैवत मुख्य. मोहनातली गमकं आणखी निराळी. थाटापासून स्वरांकडे, स्वरांपासून चलनाकडे यावं, तसा राग जवळ येतो.

आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. गंगूबाई हिंदुस्थानी शिकल्या, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे.

हे सगळं मी लेकीला समजावलं. संध्याकाळी तिने तानपुरा लावला आणि स्वतःच हाक मारली, "अज्जी, तुझा मोहन म्हण ना!" सासूबाई जरा आढेवेढे घेऊन बसल्या. आधी लेकीने भूप म्हटला, मग त्यांनी मोहन. त्या दिवशी रात्रीच्या भाकऱ्या थापायला मी एकटीच होते. तक्रार मात्र नव्हती.