चार भागीदारांची ‘क्वीन’ मंडळी

नाटक कंपनी म्हटली की भागीदारी आली आणि भागीदारी आली की रुसवेफुगवेही आलेच, हे बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांना सांगावयास नको. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी काढलेल्या गंधर्व नाटक मंडळीला आपल्याच दरबारचा आश्रय होता. तरीही काही वर्षांत दोघे भागीदार वेगळे झाले आणि मंडळीचा सारा भार एका गळ्यावर येऊन पडला. विलायतेतील ‘क्वीन’ या रॉक मंडळीचा इतिहास वाचताना ही गोष्ट वारंवार आठवते. तेथेही एक असामान्य गळा होता आणि पैशावरून तंटे होते. पण चौघे भागीदार वीस वर्षे एकत्र राहिले. रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असे ज्यांचे मत आहे त्यांच्याशी येथे वाद घालावयाचा नाही. मंडळी टिकली कशी, एवढाच प्रश्न आहे.

त्या गळ्याचे मूळ आपल्याला परके नाही. फ्रेडी मर्क्युरी यांचे खरे नाव फारोख बलसारा. बलसारा म्हणजे बलसाडचे. मुंबईच्या गाडीत बसले की वाटेत लागणारे तेच आजचे वलसाड. जन्म १९४६ चा, झांझिबारचा; शिक्षण मात्र पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. घरापासून समुद्रापलीकडे वसतिगृहात राहणारा हा पारशी मुलगा तेथे पियानो शिकला, तेथेच ‘फ्रेडी’ झाला आणि शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढून बसला. पुढे १९६४ साली झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

लंडनमध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा ‘स्माइल’ हा वृंद होता. त्यांचा गायक सोडून गेल्यावर १९७० साली फ्रेडी त्यांना मिळाले. ‘क्वीन’ हे नावही त्यांचेच. पुढल्या वर्षी बास गिटार वाजविणारे जॉन डीकन आले आणि चौकडी पुरी झाली. मंडळी मोठी शिकलेली! मे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, टेलर दंतवैद्यकाच्या वर्गातून आलेले, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर. मे यांनी तर आपली गिटार विकत घेतलीच नाही. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आणि मोटारसायकलच्या स्प्रिंगा घेऊन वडिलांच्या मदतीने घरीच बनविली आणि ती सहा पेन्सांच्या नाण्याने छेडली. तीच गिटार पुढे जन्मभर त्यांच्या हाती राहिली.

१९७५ साली ‘बोहेमियन रॅप्सडी’ आले. सहा मिनिटांना थोडे कमी असलेले हे गाणे आकाशवाणीवर लावावयास फार लांब, असे जाणत्यांनीही सांगितले होते. मधल्या ऑपेराच्या भागासाठी तिघांनी आपलेच आवाज थरावर थर इतक्या वेळा चढविले की ध्वनिफीत झिजून पातळ झाली. इंग्लंडमध्ये ही तबकडी नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

आणि नेमकी येथेच भागीदारीची कसोटी लागली. तबकडीच्या मागल्या बाजूस टेलर यांनी मोटारप्रेमावर रचलेले एक गाणे होते. लोक तबकडी घेत ती पुढल्या गाण्यासाठी. पण हिशेब दोन्ही बाजूंचा सारखा, म्हणून टेलर यांना फ्रेडींइतकाच मेहनताना मिळाला. यावरून बरीच धुसफुस झाली. चौघेही रचनाकार होते हे मंडळीचे वैभव होते आणि दुखणेही तेच होते. कोणाचे गाणे घ्यावयाचे यावर दर वेळी खटके उडत. अखेर १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या संचात सगळी गाणी चौघांच्या नावे घालण्याचे ठरले. माझ्या मते त्यांच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच; तो चौदा वर्षे उशिरा झाला इतकेच.

मधला काळ कीर्तीचा. त्यातही १९८४ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे त्यांनी कार्यक्रम केले, ते त्यांना शोभले नाही. मायदेशी वादक संघाने दंडही केला. पुढल्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, दुष्काळग्रस्त इथिओपियासाठी वेंब्ली येथे झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये त्यांना सुमारे वीस मिनिटे मिळाली. संध्याकाळचे ऊन, दिव्यांची रोषणाई नाही. तरी बहात्तर हजारांच्या समुदायाचे हात एका तालावर वर जात होते. त्या दिवसाचा विषय निघाला की आजही पहिले नाव क्वीनचेच येते.

फ्रेडींनी रंगमंचावर शेवटचे पूर्ण गायन केले ते ऑगस्ट १९८६ मध्ये, नेबवर्थ येथे. त्यानंतर आजार बळावला. ही गोष्ट साथीदारांनी अखेरपर्यंत बाहेर फुटू दिली नाही आणि उभे राहण्याचे त्राण होते तोवर ध्वनिमुद्रण चालू ठेवले. एड्स झाल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, ते गेले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. मागे राहिलेल्या आवाजावर तिघांनी काम करून १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ पुरे केले.

त्यानंतर मे आणि टेलर यांनी प्रथम पॉल रॉजर्स यांना आणि पुढे ॲडम लॅम्बर्ट यांना बरोबर घेऊन दौरे केले. जाहिरातीत नाव ‘क्वीन अधिक ॲडम लॅम्बर्ट’ असे येते. जागा भरली असा दावा त्यात नाही, आणि हा विवेक मला आवडतो. मे यांनी तर मध्यंतरी, २००७ साली, सूर्याभोवतीच्या धुळीवरचा आपला अर्धवट राहिलेला प्रबंध पुरा करून डॉक्टरेटही मिळविली. डीकन मात्र १९९७ नंतर मंडळीतून निवृत्त झाले. ते रंगमंचावर येत नाहीत, मुलाखती देत नाहीत. पण पैशाचा व्यवहार त्यांच्या नजरेखालून गेल्याखेरीज ठरत नाही, असे मे सांगतात.