लोकलची गर्दी आणि कोबाल्ट

विरारहून येणारी सकाळची लोकल मीरारोडला पोचते तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसते, हे चेण्याहून घोडबंदर रोडचे धक्के खात स्टेशन गाठणाऱ्यांना वेगळं सांगायला नको! सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन वाचताना मला सारखी हीच लोकल आठवत होती.

कोबाल्ट आणि निकेल म्हणजे अगदी सख्खे शेजारी, वेगळे करायला कटकटीचे. पण द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड भरपूर, साधारण ८-९ मोलर असेल तर गंमत होते. कोबाल्टभोवती चार क्लोराईड जमून ऋणभारित आयन बनतो आणि गुलाबी रंगाचा निळा होतो. निकेल मात्र पाण्याला धरून हिरवंच राहतं. आता केरोसीनमध्ये मिसळलेलं ट्रायऑक्टिलअमाईन घालून सेपरेटिंग फनेल हलवा. निळा कोबाल्ट वरच्या थरात, हिरवं निकेल खाली. पुस्तकात इथवर सगळं छान असतं.

खरी भानगड होते ती लोखंड आल्यावर. फेरिक लोखंडही चार क्लोराईड घेतं आणि अमाईनला ते कोबाल्टपेक्षा जास्त आवडतं. कोबाल्टच्या आयनवर दोन ऋणभार, म्हणून त्याला दोन अमाईन लागतात. लोखंडाला एकच पुरतं. समजा अमाईन ०.२ मोलर आहे. एकटा कोबाल्ट असेल तर वरच्या थरात जास्तीत जास्त ०.१ मोलर मावेल. पण ०.१ मोलर लोखंड आधीच चढलं, की कोबाल्टला उरली ०.०५ ची जागा! बाकीचा प्लॅटफॉर्मवर.

निकेलचं वागणं उलटं. स्वतः वर जात नाही, पण निकेल क्लोराईड जास्त असेल तर ते पाणी स्वतःभोवती बांधून ठेवतं आणि क्लोराईडही पुरवतं. म्हणजे आपल्या भाईंदरच्या मिठागरातल्या मिठासारखंच काम! कोबाल्ट आणखी वर ढकलला जातो.

काही किटोन सॉल्व्हंटमध्ये तर जागा भरपूर असूनही लोखंड अंशमात्र इंडियमला अडवतं. तिथे लोकलची उपमा चालत नाही. लोखंडाबरोबर वर गेलेला हायड्रोजन आयन तिथे सुटा होतो, आणि इंडियमलाही तोच जोडीदार घेऊन वर जायचं असल्याने कॉमन आयन इफेक्ट आडवा येतो. (एफईत रटलेला तोच!)

तेव्हा एकेका धातूची डी-व्हॅल्यू काढून ती मिश्रणाला लावणं चालत नाही. नॉर्वेत क्रिस्तियानसानच्या रिफायनरीत फाल्कनब्रिज कंपनीने क्लोराईड पद्धत बसवली तेव्हा टीबीपीने लोखंड आधी बाजूला काढलं, अमाईनची पाळी नंतर. वर गेलेला कोबाल्ट परत खाली आणायला नुसतं पाणी पुरतं. क्लोराईड कमी झालं की निळा आयन मोडतो.

आणि जुन्या मोबाईल बॅटरीतून कोबाल्ट काढायची आयडिया कोणाच्या डोक्यात आलीच असेल तर... बॅटरीतला लिथियम कोबाल्ट ऑक्साईड हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळताना क्लोरीन वायू सुटतो. फ्यूम हूडशिवाय नको, आणि हॉस्टेलच्या रूमवर तर मुळीच नको!