पेटीवरील नांव आणि आंकडा

चिरंजीवांनीं संगणकावरील खेळांसाठीं ग्राफिक्स कार्ड मागितलें, कीं वडिलांची नजर प्रथम पेटीवरील नांवाकडे आणि मग ‘८’ किंवा ‘१६’ या आंकड्याकडे जाते. श्रोतेहो, नांवापायीं फार घुटमळूं नये. चिपची रचना एनव्हिडिया, एएमडी वा इंटेल यांची. असूस, सफायर, झोटॅक आदि मंडळी तयार चिपभोंवतीं फलक व पंखे बसवितात. एकाच चिपच्या दोन कार्डांत फरक असतो तो आवाजाचा, उष्णतेचा, हमीच्या मुदतीचा, वेगाचा नाममात्र.

आंकड्याची गोष्ट निराळी. तो मेमरीचा. २०२३ सालीं एनव्हिडियाचें आरटीएक्स ४०६० टीआय ८ व १६ गिगाबाइट अशा दोन रूपांत निघालें. चिप एकच, किंमतींत १०० डॉलरांचें अंतर. खेळांतील भिंती, झाडें, वस्त्रें यांचीं चित्रें ८ गिगाबाइटांत मावतात तोंवर दोहोंची धांव जवळजवळ सारखीच. मावेनाशीं झालीं, कीं उरलेलीं संगणकाच्या मुख्य मेमरींतून आणावीं लागतात. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ गिगाबाइट पुरविते. बाहेरची वाट सुमारें १६ च! घरांतला हंडा लहान पडला, कीं वारंवार आडावर जावें लागतें, तसेंच हें. मग खेळ अडखळतो, नाहींतर भिंतीवरील नक्षी पुसट दिसते.

मात्र मोठ्या आंकड्यानें दुबळी चिप सबळ होत नाहीं. शिवाय एक मेख आहे. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० च्या ३ गिगाबाइटवाल्या कार्डांत, ६ गिगाबाइटवाल्याच्या मानानें, कोरांची संख्याही १२८० वरून ११५२ वर उतरविली होती, नांव तेंच!

१०८० रेषांच्या पडद्यावर जुने खेळ खेळणाऱ्यास ८ पुरे. १४४० रेषांवर नवे खेळ हवे असतील, तर मी १२ च्या खालीं उतरणार नाहीं. तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं चिरंजीवांस पडद्याच्या रेषा विचाराव्या.